तंबूचे दोर

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात. बारा जण चपला काढून बसतात आणि एकेक पाय पुढे करतात. धर्मगुरू कमरेला टॉवेल गुंडाळून प्रत्येकासमोर गुडघे टेकतात, पायावर पाणी ओततात, पाय पुसतात, त्याचं चुंबन घेतात, उठतात आणि पुढच्या खुर्चीकडे सरकतात. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. काही वर्षांपूर्वी मी चौथ्या बाकावर बसून हे पाहत होते. आमचे फादर तेव्हा साठी ओलांडलेले. सहा जणांपर्यंत सगळं नीट झालं. सातव्या खुर्चीपाशी उठताना ते अडले. खुर्चीच्या कडेला हात गेला, मग शेजारी पाण्याचं भांडं धरून उभ्या असलेल्या वेदीसेवकाच्या खांद्यावर. उठून पहिलं पाऊल टाकलं तेव्हा त्यांची कंबर डावीकडे खचली आणि तोल सावरायला वरचं धड उजवीकडे झुकलं.

बाकीच्यांना त्यात वय दिसलं असेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मला उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा, तळहाताएवढा एक स्नायू दिसला.

फादर तपासायला आले ते मात्र पुढच्या वर्षी. म्हणाले, "अगं, मी रोज पाच किलोमीटर चालतो. माझ्या पायांत ताकद नाही असं कसं म्हणतेस?" मी म्हटलं, "फादर, जरा उजव्या पायावर उभे राहा, काही न धरता." ते उभे राहिले. चार-पाच सेकंदांत डाव्या बाजूची कंबर खाली आली. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये ही खूण नोंदवली आणि आजही आम्ही ती त्यांच्याच नावाने ओळखतो. एका पायावर उभं राहिल्यावर अधांतरी बाजूची कंबर खचली, तर दोष त्या बाजूचा नसतो. ज्या पायावर उभे आहोत त्या खुब्याचा स्नायू कमी पडत असतो.

त्याचं नाव ग्लुटिअस मीडियस. बसताना ज्यावर बसतो तो मोठा स्नायू वेगळा. हा त्याच्या वर आणि बाहेरच्या अंगाला, पँटच्या खिशात हात घालतो तिथे असतो. त्याच्या खाली आणखी छोटा ग्लुटिअस मिनिमस. चालताना आपण दोन पायांवर चालतो असं वाटतं, पण चालण्याच्या वेळेपैकी साधारण ८० टक्के वेळ शरीर एकाच पायावर तोललेलं असतं. दुसरा पाय हवेत असतो. त्या वेळी कंबर समतल ठेवायचं काम याच स्नायूचं. शरीराचं वजन खुब्याच्या सांध्यापासून लांब आणि हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ, म्हणजे तरफेचा सगळा तोटा याच्या वाट्याला. त्यामुळे नुसतं एका पायावर उभं राहायलाही त्याला शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर लावावा लागतो. फादर रोज चालत होते हे खरंच होतं. पण हा स्नायू थकला की शरीर गप्प पळवाट काढतं. धड त्या बाजूला झुकवून वजन सांध्यावर आणतं आणि चालत राहतं. पाच किलोमीटर रोज होत होते आणि स्नायू रोज रजेवर होता.

व्यायामाच्या जगात दोन प्रकारच्या स्नायूंची भाषा असते. एक, हालचाल घडवणारे: मांडीचे, छातीचे, दंडाचे. दुसरे, सांधा जागेवर धरून ठेवणारे. अँडर्स बर्गमार्क यांनी १९८९ मध्ये कण्याच्या स्नायूंची अशी वाटणी मांडली आणि तेव्हापासून ती रुळली. पहिल्या प्रकारचे आरशात दिसतात. दुसरे बहुतेक दिसत नाहीत. ते खोल असतात, हाडाला चिकटून असतात, त्यांची नावंही माणसाला दुखायला लागल्यावरच कळतात.

हे धरून ठेवणं किती मोठं काम आहे, याचा एक आकडा मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जिमवाल्या मुलाला सांगते. कंबरेचा कणा, म्हणजे पाच मणके, मधल्या चकत्या आणि अस्थिबंध एवढंच घेतलं, स्नायू सगळे काढून टाकले आणि वरून भार दिला, तर सुमारे ९० न्यूटनला तो वाकून कोसळतो. ९० न्यूटन म्हणजे नऊ किलोच्या आसपास. आपलं डोकं, हात आणि धड मिळून त्याच्या कितीतरी पट भार त्या कण्यावर दिवसभर असतो. तरी तो उभा राहतो, कारण चारी बाजूंनी स्नायू त्याला ताण देऊन धरतात. मांडवाचा खांब स्वतःच्या बळावर उभा नसतो. चारी दिशांना खुंट्या मारून दोर ताणलेले असतात म्हणून तो उभा असतो. एक दोर सैल पडला तर खांब कितीही जाड असला तरी कलतो.

दोर आणि खांब म्हटलं की मला संत पौल आठवतो. तो तंबू बनवणारा कारागीर होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात त्याची नोंद आहे: करिंथ शहरात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला, कारण त्यांचाही धंदा तोच होता, आणि दीड वर्ष तिथेच राहिला. नंतर इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमारास त्याने करिंथकरांना पत्र लिहिलं. त्याच्या बाराव्या अध्यायात ख्रिस्ती मंडळीची तुलना त्याने शरीराशी केली आहे. अवयव अनेक, शरीर एक. डोळा हाताला तू नकोस म्हणू शकत नाही. आणि पुढे तो म्हणतो ते मला माझ्या धंद्यामुळे फार जवळचं वाटतं: जे अवयव अधिक दुबळे दिसतात तेच अत्यावश्यक असतात. "असतात" हा शब्द महत्त्वाचा. दुबळ्यांना आपण मोठ्या मनाने सामावून घेऊ या, एवढंच तो सांगत नाही. त्यांच्यावाचून शरीर चालतच नाही, असं विधान तो करतो. शरीरशास्त्राच्या कसोटीवरही हे विधान अक्षरशः टिकतं.

करिंथ हे शरीराचं कौतुक असलेलं शहर होतं. जवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे. पौलाने याच पत्रात धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचे दाखले दिले आहेत, आणि सुकून जाणाऱ्या त्या मुकुटाचाही. शहरात आरोग्यदेव अस्क्लेपिओसचं देऊळ होतं. विसाव्या शतकात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा भाजक्या मातीचे अवयव मोठ्या संख्येने सापडले: पाय, हात, कान, स्तन. बरं वाटावं म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून लोकांनी ते वाहिले होते. ते पौलाच्या चार शतकं आधीचे, पण प्रथा आपल्या ओळखीची आहे. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय मिळतात. आमच्या वसईकडची माणसं गाडी करून जातात आणि दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिमा मरियामातेपुढे ठेवतात. आपल्याकडच्या देवळांतही चांदीचे डोळे वाहतात. गुडघा दुखला की मेणाचा पाय मिळतो. खुब्याच्या तळहाताएवढ्या स्नायूचा साचा कुणाकडे नसतो, आणि गुडघा पुष्कळदा त्याच्याचमुळे दुखत असतो.

खांद्याचंही तसंच. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यांत जास्त खांदे. वरच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती बशीसारखी उथळ. एखादी मोठी लिंबाएवढी गोटी छोट्या झाकणावर तोलून धरावी तशी रचना. म्हणूनच खांदा इतका मोकळा फिरतो, आणि म्हणूनच तो सहज बिघडतो. गोळ्याला बशीवर दाबून धरायचं काम चार छोट्या स्नायूंचं: सुप्रास्पिनेटस, इन्फ्रास्पिनेटस, टेरेस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. हाताच्या हाडाभोवती ते शर्टाच्या कफसारखे गुंडाळले जातात, म्हणून रोटेटर कफ. हात बाजूला उचलताना वरचा मोठा डेल्टॉइड हाडाला वर ओढतो. त्याच क्षणी कफने त्याला खाली आणि आत दाबून धरायचं असतं. नाही धरलं तर हाडाचा गोळा वर सरकतो आणि वरच्या हाडाखालच्या सेंटिमीटरभराच्या फटीत सुप्रास्पिनेटसचा कंडरा चेंगरतो. वरच्या फळीवरचा डबा काढताना, केस विंचरताना, रात्री त्या कुशीवर झोपताना जी कळ येते, ती बरेचदा याची.

आमच्या पॅरिशमधला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आला. पंचविशीचा, रुंद छातीचा. बेंच प्रेसला ऐंशी किलो उचलायचा. "ताई, खांद्यात कट्कन होतं आणि मग रात्रभर ठणकतं." मी त्याला कुशीवर झोपवलं. दुखरा खांदा वर, कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल. हातात अर्धा किलोचं डंबेल दिलं आणि सांगितलं, कोपर टॉवेलवर दाबलेलं ठेवून फक्त पंजा छताकडे ने, तीन मोजत वर, तीन मोजत खाली. आठव्या वेळेला त्याचा हात थरथरायला लागला. दहाव्याला थांबला. त्याच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा वेगळं काहीतरी होतं. ऐंशी किलो उचलणारा हात अर्धा किलो पेलत नव्हता, आणि खोलीत आणखी दोन पेशंट बघत होते.

त्याचा दोष फारसा नव्हता. दोन वर्षं त्याला समोरचेच स्नायू वाढवायला सांगितले गेले होते. छाती, दंड, पुन्हा छाती. समोरचे मोठे स्नायू खांद्याला पुढे आणि आत ओढत राहिले, मागून धरणारे तसेच राहिले.

त्याला जड गेलं ते हलकं वजन घेणं. मला वाटतं या व्यायामाचा खरा अडसर तोच आहे. अर्धा-एक किलो, बारा ते पंधरा वेळा, दोन किंवा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. वजन वाढवलं की मोठा स्नायू लगेच मदतीला येतो आणि छोट्याचं काम हिसकावून घेतो. कोपर टॉवेलवरून सुटलं, खांदा कानाकडे उचलला गेला, की समजावं, आता कफ काम करत नाही. म्हणून हळू आणि हलकं. कुणाला दाखवण्यासारखं त्यात काहीच नसतं. येशूने प्रार्थना आतल्या खोलीत दार लावून करायला सांगितली, आणि दानधर्म करताना डाव्या हाताला उजव्याचं कळू नये असं सांगितलं. माझे किती तरी पेशंट श्रद्धाळू आहेत, पण या शिकवणीचा व्यायामाशी काही संबंध असेल असं त्यांना वाटत नाही. मला तो रोज दिसतो.

शरीर ताकद कशी वापरतं तेही इथे सांगायला हवं. एल्वुड हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत दाखवून दिलं की स्नायू आकुंचन पावताना त्याचे सगळे धागे एकदम कामाला लागत नाहीत. आधी छोट्या चेतापेशी आणि त्यांचे बारीक, न थकणारे धागे जागे होतात. जोर वाढत गेला तरच मोठे. प्रत्येक हालचालीची सुरुवात छोट्यांपासून होते. पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये असंच एक निरीक्षण कमरेबाबत मांडलं. निरोगी माणूस हात झटकन वर उचलतो तेव्हा खांद्याचा स्नायू आकुंचन पावण्याच्याही काही क्षण आधी पोटाचा सगळ्यात आतला स्नायू, ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस, घट्ट होतो. तो पट्ट्यासारखा कमरेभोवती असतो. हात हलण्याआधी शरीर कणा सावरून ठेवतं. कंबरदुखी असणाऱ्यांमध्ये हा स्नायू उशिरा जागा होत असल्याचं त्यांना आढळलं. त्याच वर्षी ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्यांदा कंबर धरल्यावर दुखणं गेलं तरी मणक्यालगतचा मल्टिफिडस हा छोटा स्नायू आपोआप पूर्ववत भरून येत नाही. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं त्यामुळे म्हणता येत नाही. व्यायाम करावाच लागतो.

या शोधांनंतर काही वर्षं सगळीकडे नुसता आतला स्नायू शोधून आवळायची लाट आली. मीही त्या लाटेत होते. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की कंबरदुखीसाठी फक्त तेवढंच करणं इतर चांगल्या व्यायामांपेक्षा फार सरस ठरत नाही. त्यामुळे छोट्या स्नायूंची मी बाजू घेत असले तरी बैठका, जोर, वजन उचलणं सोडा असं कुणाला सांगत नाही. डोळा हाताला नको म्हणू शकत नाही, आणि हातही डोळ्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम, आणि पासष्टीपुढच्यांना किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. तोल म्हणजे बहुतांशी हेच छोटे स्नायू: खुब्याचे, घोट्याचे, तळपायाचे.

ख्रिस्ती धर्म आणि व्यायाम यांची गाठ पूर्वीही पडली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जली आणि टॉमस ह्यूज यांच्या लेखनाभोवती "मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी" हा शब्द रूढ झाला. धट्टाकट्टा, मैदान गाजवणारा, शूर ख्रिस्ती तरुण हा त्यांचा आदर्श. १८४४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी सुरू केलेली वायएमसीए पुढे व्यायामशाळांचं मोठं जाळं बनली. १८९१ मध्ये तिच्याच स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. आपल्याकडे १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं आणि देशभरच्या शाळांना पीटीचे शिक्षक मिळू लागले. या परंपरेचं ऋण मोठं आहे. पण तिच्या आदर्शात मला नेहमी एक उणीव वाटते. तिने पौलाकडून धावपटू घेतला, मुष्टियोद्धा घेतला, आणि दुबळे अवयव त्याच्याच पत्रात ठेवून दिले.

तिच्यातच एक माणूस मात्र मला आपला वाटतो. बॉस्टनच्या वायएमसीएतले रॉबर्ट रॉबर्ट्स. "बॉडी बिल्डिंग" हा शब्द त्यांच्याशी जोडला जातो. ते जड वजनांकडून हलक्या डंबेल्सकडे वळले होते. व्यायाम सुरक्षित, छोटा, सोपा, उपयोगी आणि आनंद देणारा असावा असा त्यांचा आग्रह होता. त्या काळच्या युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत भिंतीवर लाकडी क्लब टांगलेले असत, आणि त्यांचं नावच "इंडियन क्लब" होतं. म्हणजे आपल्या तालमीतली मुद्गलं. इथे आलेल्या इंग्रज सैनिकांनी ती पाहिली, हलकी केली आणि मायदेशी नेली. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ती फिरवण्याची स्पर्धासुद्धा होती. मुद्गल खांद्यामागून फिरवताना प्रत्येक क्षणी वजनाची दिशा बदलते आणि कफला हाडाचा गोळा सतत बशीवर धरून ठेवावा लागतो. खांद्याच्या धरणाऱ्या स्नायूंसाठी इतकं चांगलं साधन आपल्याच तालमीत होतं, आणि आपण ते कोपऱ्यात उभं करून ठेवलं.

आता जे बोललं जात नाही त्याबद्दल. पौल त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट म्हणतो: ज्या अवयवांना आपण कमी मानाचे समजतो, जे झाकतो, त्यांचीच आपण अधिक काळजी घेतो. मी हे वाचते तेव्हा मला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आठवतात. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि आतडं यांना खालून तोलून धरतात. बाळंतपणात ते ताणले जातात, पाळी गेल्यानंतर सैल पडतात. मग खोकला आला, शिंक आली, भाजीची पिशवी उचलली की लघवीचे थेंब गळतात. आमच्या गावातल्या कित्येक बायका मिस्साला शेवटच्या बाकावर बसतात, त्याचं कारण भक्ती कमी हे नसतं. शौचालय तिथून जवळ असतं. गायकवृंदातून एखादी नाव काढून घेते आणि आवाज बसला म्हणून सांगते. पौल म्हणतो तेवढी काळजी आपण या अवयवाची घेत नाही, नुसता झाकतो.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं आणि आजही या त्रासावर पहिला उपाय व्यायाम हाच आहे. लघवी आणि वारा एकदम अडवायचा असल्यासारखे ते स्नायू आत आणि वर ओढायचे, पाच सेकंद धरायचे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. श्वास चालू, पोट आणि मांड्या सैल. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करत असताना सराव करू नये. फरक पडायला तीनेक महिने लागतात. जपमाळेच्या एका दशकात दहा "नमो मरिये" असतात. मी माझ्या पेशंट बायकांना सांगते, मणी पुढे सरकला की एकदा आवळा, एकदा सोडा. सुरुवातीला काही जणी दचकल्या. प्रार्थनेत असं कसं, म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की शरीराच्या पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे असं आपण दर रविवारी उभं राहून म्हणतो. त्या शरीरात हेही आलं. बहुतेकींना पटलं. एकीने शेवटचा बाक सोडला तेव्हा ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तळपायाचं थोडक्यात सांगते. तळव्यात छोट्या स्नायूंचे चार थर असतात आणि ते पायाची कमान धरतात. बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढायचं, कमान किंचित उचलायची, पाच सेकंद धरायची. दात घासताना होतं.

फादरांना मी तीन गोष्टी दिल्या. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून, टाच किंचित मागे नेऊन वर उचलायचा, बारा वेळा. स्वयंपाकघराच्या ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, कंबर समतल आहे का ते आरशात बघत. आणि जिन्याच्या खालच्या पायरीवरून एक पाय हळू खाली जमिनीला टेकवायचा आणि परत वर. उपवासकाळ सुरू होत होता. राखेच्या बुधवारपासून इस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा नेम धरायची आमच्याकडे रीत आहे. कुणी मांस सोडतं, कुणी चहा. फादरांनी त्यात हे तीन व्यायाम धरले. चाळीस दिवस हा काळ शरीरालाही मानवतो. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः चेतांची असते: मेंदू स्नायूला नीट हाक मारायला शिकतो. स्नायू जाड व्हायला त्यापुढचे आठवडे लागतात. इस्टरनंतरही चालू ठेवा, असं मी बजावलं होतं.

क्रूसाच्या वाटेत चौदा थांबे असतात आणि प्रत्येक थांब्याला गुडघा टेकून उठायचं असतं. आमच्या आज्या वसईतून भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायच्या, पहाटेची लोकल पकडून मुंबईत विकायच्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी हे चौदा थांबे करायच्या. त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज नव्हती. आमचा दिवस खुर्चीत जातो, चर्चमध्येही गुडघे टेकायला गादी आणि उठायला बाकाची कड असते. म्हणून आम्हाला तो मुद्दाम करावा लागतो. तीक्ष्ण कळ आली, हाता-पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरू लागला, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावं. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडू लागला तर अंगावर काढू नये.

तो ऐंशी किलोवाला मुलगा चार महिन्यांनी बरा झाला. बेंच प्रेस पुन्हा करतो, पण आधी टॉवेल आणि अर्धा किलो. त्याची आई सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे. १८३३ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी फ्रेडरिक ओझानाम यांच्याबरोबर ही संस्था सुरू केली. घरोघर जाऊन गरिबाला, आजाऱ्याला भेटणं हे तिचं मूळ काम. आईबरोबर तोही आता जाऊ लागला आहे. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, आणि घरात त्यांची थकलेली सूनच तेवढी.

मी त्याला एकदा तिथे नेऊन शिकवलं. पलंगाला गुडघे टेकवायचे, एक पाय पुढे, एक मागे. बोटं जमिनीला धरून, कमान उचललेली. पाठ सरळ, गुडघ्यांतून वाकायचं. हात लांब ताणायचे नाहीत. कोपरं बरगड्यांशी, मधे टॉवेल आहे असं समजून. एक हात आजोबांच्या पलीकडच्या खांद्यामागे, एक खुब्यामागे. हात ओढण्याआधी पोट आत. मग त्यांना सांगायचं, "आजोबा, आता तुम्हाला माझ्याकडे वळवतो," आणि श्वास सोडत स्वतःचं वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर न्यायचं. आजोबा चादरीसकट वळले. त्याने स्वतःच्या खांद्याला हात लावून पाहिला आणि मग घडी केलेली उशी त्यांच्या पाठीला लावली.